डेटाबेस शिकून डाव सुधारतो, का नुसती हौस भागते?

उद्यमनगरी_हत्ती (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी स्पर्धेच्या हॉलबाहेर चहा घेताना एक वाद पेटला आणि फेरीची घंटा झाल्यामुळं अर्धवट राहिला. तो इथं पुरा करू.

माझं म्हणणं असं. नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्या १४०० ते १८०० रेटिंगच्या (म्हणजे मधल्या ताकदीच्या) माणसानं क्लास लावायच्या आधी, ओपनिंगचं (डावाच्या सुरुवातीच्या चालींचं) जाडजूड पुस्तक घ्यायच्याही आधी, बुद्धिबळाचा डेटाबेस, म्हणजे खेळलेल्या डावांचा शोधता येणारा साठा, चालवायला शिकावं. समोरचे म्हणत होते, ते ग्रँडमास्टरांचं काम, आपण कशाला त्या नादाला लागायचं.

माझे सात वर्षांचे स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेले कागद) बुटाच्या खोक्यात पडून होते. २०२३ च्या दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद होता, तेव्हा बसून ११८ डाव सिडमध्ये भरले. (सिड हा फुकट मिळणारा डेटाबेस प्रोग्राम. मी त्याचीच ‘सिड व्हर्सेस पीसी’ ही शाखा वापरतो.) सात वर्षं माझी ठाम समजूत होती की मी कॅरो-कान या ओपनिंगमध्ये मार खातो. म्हणून कॅरो-कानची तीन पुस्तकं घेतली होती. डाव भरून झाल्यावर मटेरियलवरून शोध लावला: दोन्हीकडं वजीर नाहीत, उंट-घोडे नाहीत, फक्त हत्ती आणि प्यादी. ३१ डाव निघाले, त्यातले १९ हरलेले. कॅरो-कानमधून मी बऱ्यापैकी सुखरूप बाहेर पडत होतो आणि चाळिसाव्या चालीनंतर बुडत होतो.

मग तसंच मटेरियल मोठ्या डेटाबेसमध्ये शोधलं. एकाच बाजूला चाराला तीन प्यादी आणि एकेक हत्ती, हे बहुतेक वेळा बरोबरीत सुटतं. मी ते चार वेळा हरलो होतो, आणि प्रत्येक वेळी एकच खोड: हत्ती प्याद्याच्या राखणीला बांधून ठेवायचा. मोठे खेळाडू वेळ आली तर प्यादं सोडतात, पण हत्ती मोकळा ठेवतात.

रेटिंग किती वाढलं ते विचारू नका. मार्च २०२४ मध्ये फिडेनं (जागतिक बुद्धिबळ संघटनेनं) २००० च्या खालच्या सगळ्यांनाच गुण वाढवून दिले, त्यामुळं त्यात माझं किती आणि फिडेचं किती हे मलाच सांगता येत नाही.

जुना_पट

तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय, फक्त श्रेय भलत्यालाच दिलंय. ११८ डाव भरले म्हणजे ११८ डाव परत खेळलात. सुधारणा झाली ती तिथं. तेच वही आणि लाकडी पट घेऊन केलं असतं तरी कळलं असतं की हत्तीचे शेवट येत नाहीत.

आमच्या वेळी बेलग्रेडचा ‘इन्फॉर्मेटर’ असायचा, निवडक डावांचा अंक. १९६६ पासून निघतो तो. एक अंक आम्ही चौघांत फिरवायचो. त्यात शब्द नाहीत, नुसती चिन्हं. पांढऱ्याचं बरं, काळ्याचं बरं, चाल चुकली, एवढंच. एक डाव पटावर लावून समजून घ्यायला संध्याकाळ जायची. आता तुम्ही बाणाचं बटण दाबता आणि चाळीस सेकंदांत डाव संपतो.

आपण कोल्हापुरात, तालमीच्या गावात राहतो. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी धोबीपछाड दाखवतो का? आधी आखाडा खोरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो. आणि गुकेशचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: ग्रँडमास्टर होईपर्यंत त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. तो २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला. आपल्याला मात्र १५०० वरच सगळी यंत्रं पाहिजेत.

पेठेतला_घोडा

काका, आदर ठेवून सांगतो, दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली. गुकेशला लांब ठेवलं ते इंजिनापासून. इंजिन म्हणजे स्टॉकफिशसारखं, जे चाल सांगतं आणि विचार करायचं काम आपल्याकडून काढून घेतं. डेटाबेस काही सांगत नाही. तो फक्त शोधून देतो; विचार आपल्यालाच करायचा. तुमचा इन्फॉर्मेटर हा कागदावरचा डेटाबेसच होता की! ए-०० ते ई-९९ हे ओपनिंगचे क्रमांक त्याच मंडळींनी पाडले, आजही प्रत्येक सॉफ्टवेअर तेच वापरतं.

आणि डेटाबेसनं फरक पडतो हे पहिल्या वर्षीच दिसलं होतं. १९८५ मध्ये हॅम्बुर्गला आठ जणांच्या संघाशी एकाच वेळी खेळताना कास्पारोव साडेतीन-साडेचार हरला. १९८७ मध्ये त्याच गावात परत खेळला. तोवर चेसबेस हा डेटाबेस प्रोग्राम तयार झाला होता, अटारी संगणकावर. समोरच्यांचे डाव त्यात बघून बसला आणि सात-एक जिंकला.

जुना_पट

जगज्जेत्याला डेटाबेस दिला तर सात-एक होतं, मान्य. मला दिला तर काय होतं, हा प्रश्न आहे.

गंगावेशीतला_प्यादा

तुमचा वाद मिटस्तवर मी कट्ट्यावर दूध पिऊन, दोन ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) हरून परत आलो 😄 चालू द्या.

शाहूपुरीचा_बाप

मी काकांच्या बाजूनं, आणि माझं मत पैसे मोजून झालेलं आहे.

पोरगं दहा वर्षांचं. क्लासवाल्यांनी (नाव घेत नाही) सांगितलं, आता सिरियस व्हायचं तर विकतचं सॉफ्टवेअर आणि मोठा डेटाबेस घ्या. ते फक्त विंडोजवर चालतं, म्हणून लॅपटॉप पण आला. घरात बायकोशी काय बोलणं झालं ते सोडा. सहा महिने पोरगं सिसिलियन नायडॉर्फ या ओपनिंगच्या चौदा-चौदा चाली पाठ म्हणत होतं, पाढे म्हटल्यासारखं. मला पण लई भारी वाटायचं. सांगलीच्या स्पर्धेत बसलं, समोरच्यानं दुसऱ्याच चालीला सी-३ खेळलं. एक प्यादं, एक घर. संपला नायडॉर्फ! पोरगं वीस मिनिटं पटाकडं बघत बसलं आणि बाहेर येऊन मला म्हणालं, “पप्पा, हे आपल्यात नव्हतं.”

तेव्हा एक कोटी डाव घरात असून उपयोग काय, सांगा.

राजारामपुरीची_वजीर

भाऊ, ते डेटाबेसमध्ये होतंच, पोराला दाखवलं नव्हतं. क्लासवाल्यांनी फांदी पाठ करून घेतली आणि झाड दाखवलंच नाही.

मी पण आधी असंच करत होतो. (होय, कोल्हापूरच्या बायका ‘करत होतो’च म्हणतात, पुण्याहून दुरुस्त्या पाठवू नका.) मास्टर लोक काय खेळतात ते बघायचो आणि तेच पाठ करायचो. मग लक्षात आलं की आपल्या स्पर्धेत समोर बसतात ते मास्टर नसतात. लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवर ओपनिंग एक्सप्लोरर (कुठली चाल किती जण खेळले ते दाखवणारी सोय) आहे, फुकट, मोबाईलवर पण चालतो. त्यात दोन वेगळी कोठारं आहेत. एक मास्टरांचं, म्हणजे २२०० च्या वरच्यांचे पटावरचे डाव. दुसरं लिचेसवरच्या सगळ्या खेळाडूंचं, आणि तिथं रेटिंगचा गट आणि वेळ निवडता येते. मी १६०० चा गट लावतो, ब्लिट्झ काढून टाकतो, रॅपिड-क्लासिकल (जास्त वेळाचे डाव) ठेवतो. मास्टरांच्यात क्वचित दिसणारी चाल इथं दर चौथा माणूस खेळताना दिसते. ज्या चाली आपल्यासमोर खरंच येणार, त्यांचा अभ्यास आधी. पोराला हे दाखवा, लॅपटॉप तुमच्या ऑफिसच्या कामाला वापरा.

पेठेतला_घोडा

वजीरताईंना अनुमोदन, पण एक खड्डा दाखवतो, कारण त्यात मी स्वतः पडलोय. झाडात, म्हणजे चालींच्या त्या यादीत, प्रत्येक चालीपुढं जिंकण्याची टक्केवारी दिसते आणि माणूस सगळ्यात मोठा आकडा उचलतो. एका चालीपुढं ७८ टक्के बघून मी ती वर्षभर खेळलो. नंतर उघडून बघितलं तर एकूण नऊ डाव होते, आणि जिंकणारे बहुतेक समोरच्यापेक्षा दोनशे-तीनशे गुणांनी वरचे. ते काहीही खेळले असते तरी जिंकले असते. म्हणून आकड्याबरोबर तीन गोष्टी बघायच्या: डाव किती, दोघांचं सरासरी रेटिंग काय, आणि साल कुठलं. पंधरा वर्षांपूर्वी सगळे जिंकत होते आणि मग कुणी खेळेनासं झालं, तर समजायचं, उतारा सापडलाय. पांढरा एकूणच ५४-५५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळं ५५ बघून हुरळायचं कारण नाही.

दुसरं, ओपनिंगच्या नावानं शोधू नका, पटावरच्या स्थितीनं शोधा. कॅरो-कानमध्ये पांढऱ्यानं प्यादं मारून सी-४ ढकललं की पुढं वजिराचं एकटं प्यादं राहतं, आणि हुबेहूब तीच स्थिती निम्झो-इंडियन या दुसऱ्या ओपनिंगमधूनही येते. नावानं शोधलं तर अर्धे डाव दिसतच नाहीत.

उद्यमनगरी_हत्ती

घोडेराव, हा शेवटचा मुद्दा मला शिकायला चार महिने लागले, तुम्ही चार ओळींत उरकलात.

काका, तुमचं निम्मं मान्य करतो. डाव भरताना परत खेळलो, त्याचा फायदा झालाच. पण ११८ डाव वहीत असते तर मी परत ओपनिंगच बघत बसलो असतो, कारण वही पहिल्या पानापासून उघडते. त्यातले हत्तीचे ३१ वेगळे काढायचं मला सुचलंच नसतं. आणि बाणाचं बटण मी दाबत नाही. शेजारी लाकडी पट लावतो, पडद्यावरची चाल झाकून आधी माझी चाल कागदावर लिहितो, मग बघतो. इंजिन सगळ्यात शेवटी.

शाहूपुरीचा_बाप

बरं, पण क्लासवाले म्हणतात समोरच्या खेळाडूचे डाव काढून तयारी करता येते. ते तरी खरं का?

जुना_पट

ह्यात मात्र मी सांगतो, कारण स्पर्धा भरवणाऱ्यांत बसतो. मोठ्या स्पर्धांचे डाव ‘द वीक इन चेस’मध्ये दर आठवड्याला फुकट मिळतात, मार्क क्राउदर १९९४ पासून ते काम करतोय, सलाम आहे. पण बहुतेक ओपन स्पर्धांत फक्त वरच्या पटांचे, म्हणजे आघाडीच्या खेळाडूंचे, डाव फाईलमध्ये जातात. तुमचं पोरगं साठाव्या पटावर. समोरचा पण साठाव्या पटावर. त्याचे डाव कुठंच नाहीत, असले तर त्याच्या आईच्या पिशवीत. त्या नावाखाली पैसे मोजू नका.

उद्यमनगरी_हत्ती

आणि नावं! एकच माणूस तीन स्पेलिंगनी असतो. आपल्याकडं वडिलांचं नाव पुढं, आडनाव मागं, कधी गावच आडनाव. सिडमध्ये नावं दुरुस्त करायची आणि दोनदा आलेले डाव काढायची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच वापरा. मी वापरली नव्हती आणि एकच डाव दोनदा मोजून खूश होत होतो.

जुना_पट

माझ्याकडं वह्या आहेत, १९८१ पासूनच्या. भरणार नाही. पण खरं सांगू, त्यात हत्तीचे किती निघतील हे बघावंसं वाटलं.

गंगावेशीतला_प्यादा

काका घसरले! नाद खुळा!

जुना_पट

घसरलो नाही. कुतूहल वेगळं, पद्धत वेगळी. नवशिक्यानं वर्षभर तरी पट आणि वहीच, हे माझं मत कायम.

शाहूपुरीचा_बाप

काल रात्री पोराला घेऊन बसलो, त्याचे बावीस स्कोअरशीट भरायला घेतले. पहिल्याच डावात अडकलो. तेविसाव्या चालीला लिहिलंय घोडा डी-७. दोन्ही घोडे तिथं जातात. सॉफ्टवेअर विचारतंय कुठला, पोरगं म्हणतंय आठवत नाही, राजाकडचा असेल. आता काय करायचं? समोरचं पोरगं इचलकरंजीचं होतं, त्याच्या घरी फोन करू का?

राजारामपुरीची_वजीर

फोन नको, भाऊ. दोन्ही घोडे एकेकदा टाकून बघा. पुढच्या चाली ज्याच्यात बसतात, तोच घोडा.

शाहूपुरीचा_बाप

बसल्या. वजिराकडचा निघाला. आणि दोन चालींनी पोरानं तोच फुकट दिलाय.