ईजीएफ जोडलेल्या चुंबकीय नॅनोकणांमुळे एमसीएफ-7 पेशी घटण्याऐवजी वाढल्या : चूक कोठे शोधावी?

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, सांगली

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. फेरिक आणि फेरस क्लोराइड 2:1 या प्रमाणात घेऊन, नायट्रोजनखाली अमोनिया घालून मी मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) कण तयार केले आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा सरासरी व्यास 11 नॅनोमीटर भरला. कणांवर सायट्रिक आम्लाचा थर देऊन त्याच्या कार्बॉक्सिल गटांशी ईडीसी-एनएचएस (कार्बॉक्सिल आणि अमिनो गट सांधणारी रसायने) पद्धतीने मानवी ईजीएफ हा वृद्धिघटक जोडला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफचे रिसेप्टर (त्याला पकडणारी प्रथिने) असतात, तेव्हा कण नेमके तेथे चिकटतील आणि पेशी मरतील, अशी माझी मांडणी होती.

आमच्याकडे पेशीसंवर्धनाची सोय नसल्याने एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरची चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन केली : मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम कण, 48 तास, आणि नंतर एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी. नुसते कण घातलेल्या वेलमध्ये (चाचणीच्या ताटलीतील खळग्यांत) फारसा फरक दिसला नाही. ईजीएफ जोडलेल्या कणांच्या वेलमध्ये मात्र जांभळा रंग कंट्रोलपेक्षा, म्हणजे कण न घातलेल्या पेशींपेक्षा, गडद आला. तीन वेळा केले, तीनही वेळा तेच. मात्रा वाढवून पाहा, असा सल्ला मिळाला आहे, परंतु मात्रा वाढवून नेमके काय सिद्ध होईल, हे मला उमगत नाही.

उत्तर : पेशीजीवशास्त्राचा संशोधक, मूळ गाव कराड, सध्या पुणे

ताई, मात्रा तूर्त वाढवू नका. तुमचा निकाल चुकीचा नसून अपेक्षा चुकीची असावी, असे मला वाटते.

ईजीएफ हा केवळ पत्ता नव्हे, तो पेशीला दिलेला हुकूमही आहे. 53 अमिनो आम्लांचे हे लहानसे प्रथिन रिसेप्टरला जाऊन बसले की शेजारचे दोन रिसेप्टर जोडीने एकत्र येतात, परस्परांवर फॉस्फेट चढवतात आणि वाढा, विभाजित व्हा, हा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. वृद्धिघटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल मिळाले, ते याच परिणामासाठी. तो कणाला जोडला म्हणून त्याचा गुण जात नाही. उलट एका कणावर अनेक रेणू असल्याने तो एकाच वेळी अनेक रिसेप्टर ओढून धरू शकतो.

आता हिशेब करून पाहा. समजा, एक मिलिग्रॅम कणांवर केवळ एक मायक्रोग्रॅम ईजीएफ बसले आहे. तरीही तुमच्या मात्रेत मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे 8 नॅनोमोलर ईजीएफ पडते. पेशी वाढवण्यासाठी माध्यमात आपण एरवी 10 ते 20 नॅनोग्रॅम घालतो! मात्रा वाढवणे म्हणजे पेशींना आणखी खाऊ घालणे होय.

दुसरा मुद्दा सेल लाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाचा. 1970 मध्ये डेट्रॉइटमधील एका रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून मिळवलेल्या एमसीएफ-7 पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात आणि त्यांच्यावर ईजीएफचे रिसेप्टर कमी असतात. एमडीए-एमबी-468 या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या सेल लाइनमध्ये याच रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत, आणि जेवढ्या ईजीएफने इतर पेशी वाढतात तेवढ्यानेच या पेशींची वाढ खुंटते व त्यांत पेशीमृत्यू सुरू होतो. एकाच घटकाचे असे उलटे परिणाम असल्यामुळे या दोन्ही सेल लाइन शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तुमच्या कणांविषयी काहीही ठामपणे म्हणता येणार नाही.

तुमच्या माध्यमात फिनॉल रेड हा दर्शक रंग आहे का, तेही पाहा. तो रंग क्षीणपणे इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे एमसीएफ-7 वरच दिसून आले होते. सीरममध्येही (माध्यमात घालतात त्या रक्तद्रवातही) वृद्धिघटक असतातच, म्हणून कण घालण्याआधी पेशी एक दिवस अल्प सीरममध्ये ठेवाव्यात.

एमटीटीबद्दल एवढेच सांगतो की ती पेशी मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजते. शिवाय मॅग्नेटाइट स्वतःच 570 नॅनोमीटरला प्रकाश शोषते. पेशींविना केवळ कण असलेले वेल ठेवून ते वाचन वजा करा, आणि मेलेल्या पेशी रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घालून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजण्याच्या काचपट्टीवर) पेशी प्रत्यक्ष मोजा.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, सातारा

वरील विवेचन मला पूर्णपणे पटते. रसायनाच्या बाजूने थोडी भर घालतो.

ईजीएफ खरोखर जोडले गेले आहे, की नुसते चिकटले आहे? मानवी ईजीएफमध्ये साखळीच्या टोकाचा अमिनो गट आणि 28 व 48 या स्थानांवरील लायसिन ही दोन अमिनो आम्ले, असे तीन गट ईडीसीच्या अभिक्रियेला मोकळे असतात. उंदराच्या ईजीएफमध्ये लायसिन नाहीच, त्यामुळे ते एकाच टोकाने बसते आणि अंदाज बांधणे सोपे जाते. सायट्रेटच्या थरावर प्रथिन अभिक्रियेविनाही चिकटू शकते आणि पुढे माध्यमात सुटू शकते. तसे असेल तर तुमच्या वेलमध्ये मोकळे ईजीएफ होते आणि कण केवळ हमालाचे काम करीत होते.

याची परीक्षा सोपी आहे. धुतलेले कण माध्यमात 24 तास ठेवा, कुपीला चुंबक लावा. काळा गाळ एका बाजूला सरकून द्रव नितळ झाला की वरचे पाणी अलगद काढून घ्या आणि फक्त तेच पेशींवर घाला. ईडीसी न घालता केवळ मिसळलेल्या कणांचेही असेच करा. आणखी एक गोष्ट : फॉस्फेट बफरमध्ये धुताना कण गुठळ्या होऊन तळाशी बसत असतील, तर फॉस्फेट सायट्रेटला पृष्ठभागावरून हुसकावत असण्याचा संभव आहे. एचईपीईएस बफर वापरून पाहावे.

उत्तर : शल्यचिकित्सक, मिरज

मी प्रयोगशाळेतला नाही, तरीही हा विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्याने लिहितो. ज्या रुग्णांच्या गाठीत एचईआर2 हा रिसेप्टर जास्त असतो, आणि असे रुग्ण साधारण 15 ते 20 टक्के असतात, त्यांना आम्ही ट्रास्टुझुमॅब देतो. 1998 मध्ये मान्यता मिळालेले हे प्रतिपिंड त्या रिसेप्टरवर बसते, पण वाढीचा निरोप देत नाही, उलट तो अडवते. पत्ता हवा आणि हुकूम नको असेल, तर वृद्धिघटकाऐवजी प्रतिपिंड जोडण्याचा विचार तुम्ही अवश्य करावा.

लोहकण स्तनाच्या शस्त्रक्रियेत याआधीच आले आहेत, हेही सांगावेसे वाटते. काखेतील पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी त्यांच्या वापराला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी एरवी वापरल्या जाणाऱ्या टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे 6 तास असल्याने मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या रुग्णालयांना ते वेळेवर मिळवणे अवघड जाते. कण मागे राहिले तर पुढील एमआरआयमध्ये त्या जागी काळी छाया येते, हा त्यांचा दोष.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनी

सरांनी सुचवलेली परीक्षा केली. ईडीसी घातलेल्या कणांवरचे नितळ पाणी एकटे घातले तरी पेशींची संख्या कंट्रोलपेक्षा वाढली, आणि ही वाढ केवळ मिसळलेल्या कणांच्या पाण्याइतकीच होती. म्हणजे माझे ईजीएफ बहुतांशी चिकटलेलेच होते. ही मोजणी हिमोसायटोमीटरवर केली असून माध्यम फिनॉल रेडविना घेतले होते. सायट्रेट सोडून कार्बॉक्सिल गट असलेल्या डेक्स्ट्रानचा (शर्करेच्या लांब साखळीचा) थर आता देत आहे. एमडीए-एमबी-468 पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवण्यासाठी अर्ज भरला आहे. डॉक्टरसाहेब, प्रतिपिंडाचा मुद्दा मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यासाठी एचईआर2 भरपूर असलेल्या एसके-बीआर-3 पेशीही त्याच अर्जात लिहिल्या आहेत.