मदत हवी आहे: प्रार्थना, पाठांतर आणि शिक्षा यांची घरच्या शाळेत गल्लत होतेय

मोहरीदाणा
जय ख्रिस्त. मुलं दोन, थोरली ९ वर्षांची, धाकटा ६ वर्षांचा. दोघंही घरीच शिकतात, माध्यम मराठी. सकाळी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना, तारखेप्रमाणे बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय, पाठांतर आणि लगेच गणित. धाकट्याची दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. थोरली वचन घडाघडा म्हणते, पण अर्थ विचारला की गप्प. खोटं बोललं किंवा भांडण झालं की त्या विषयाचं वचन दहा वेळा लिहायला देते. आता दुरेघी वही काढली तरी तिचं तोंड उतरतं. काय बदलू? आणि दहावीचं कसं करतात?

ओसरी
ताई, दहा वेळा लिहिणं आजच बंद करा. ज्या वचनानं लेकराला धीर यायचा, तेच तिला शिक्षा वाटायला लागलंय. चुकीला भरपाई ठेवा. निर्गम २२ मध्ये चोरलेल्या वस्तूची भरपाई सांगितली आहे, लूक १९ मध्ये जकातदार जक्कय चौपट परत द्यायला तयार होतो. भावाची रंगपेटी मोडली तर तिनं स्वतःची द्यायची किंवा साठवलेल्या पैशांतून नवी आणायची. खोटं बोलली तर ज्याच्याशी बोलली त्याच्याकडे जाऊन खरं काय ते एकदा सांगायचं. तुम्ही शेजारी उभं राहा, तिच्या वतीनं बोलू नका. मग विषय संपला. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो पुन्हा उकरू नका. देवाला सांगण्याच्या निमित्तानं मारलेला टोमणा मुलांना बरोबर कळतो. आपलाच आवाज चढला असेल तर मुलांची माफी मागायला लाजू नका, मुलांना चिडीला आणू नका, हे कलस्सैकरांस ३:२१ आईबापांसाठीच आहे.

आता वाचन. नीतिसूत्रांत दहाव्या अध्यायापासून जवळजवळ प्रत्येक वचनात नवा विचार येतो. सहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तीस विचार झेपत नाहीत. सकाळी मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय आहेत आणि प्रसंग छोटे. रोज एकच प्रसंग, आठ-दहा वचनं. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मुलांनी सांगायचं. आधी धाकट्याला सांगू द्या, नाहीतर तो ताईचंच उचलतो. गाणं, वाचन, प्रार्थना मिळून पंधरा मिनिटं पुरे. नीतिसूत्रांतलं एखादं वचन जेवताना बोलायला ठेवा.

पाठांतराला स्तोत्र २३ घ्या. सहा वचनं, आठवड्याला एक. सोमवारी फक्त शब्द फोडायचे. पहिल्याच वचनात 'उणे' येतं आणि मुलांना ते वजाबाकीचं चिन्ह वाटतं. ताटात चार पोळ्या हव्यात, आहेत तीन, म्हणजे एक उणी पडली, असं दाखवा. मंगळवारपासून म्हणायला घ्या, शुक्रवारी अर्थ तिच्या शब्दांत. अर्थ आला नाही तर पुढचं वचन नाही, मग आठवडा वाढला तरी चालेल. प्रार्थनेनंतर अंथरुणाच्या घड्या, झाडांना पाणी, आणि मग गणित.

कंदील
दहावीबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचं वेगळं कलम नाही, त्यामुळे नोंदणीचं वेगळं कार्यालयही नाही. बरेच पालक एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी करतात, मराठी माध्यम मिळतं. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. उत्तीर्णतेला ३३ टक्के. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. टीएमए म्हणजे स्वाध्यायाला २० टक्के गुण आहेत, ते बुडवू नका.

आपल्याकडे अडतं ते नावावर. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, पालिकेच्या जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. अर्जाला जन्मदाखला आणि आधार जुळावे लागतात. मुलगी ९ वर्षांची आहे तोवरच दुरुस्त करून घ्या.

मोहरीदाणा
दोघांचेही मनापासून आभार. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या बायबल वर्गाच्या, पाठांतर स्पर्धेत यंदा तिचं नाव द्यावं का?

ओसरी
तिला हवं असेल तर जरूर द्या. मात्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, कोणती आवृत्ती धरणार ते शिक्षकांना आधी विचारा. जुन्या आणि सोप्या भाषेतल्या आवृत्तीत शब्द वेगळे असतात. घरी एक पाठ केलं आणि तिथे दुसरं तपासलं, तर बरोबर म्हणूनही गुण जातात.