वळू धडधाकट, तरीही गायी उलटत आहेत : मदत हवी आहे

गोठेवाला :
आमचा संकरित वळू अंगाने भरलेला आहे, माजावरच्या गाईवर जोमाने उडी घेतो, तरीही त्याने भरवलेल्या बहुतेक गायी सध्या गाभण न राहता उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात. खुराक भरपूर आहे. कोणते औषध द्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

तांबडमाती :
वय, कोणत्या जातीचे रक्त आणि अंडकोशाचा घेर कळल्याशिवाय काय सांगणार? शिवाय गायी २१ दिवसांनी उलटतात की अंतर लांबते?

क्षारमिश्रण :
जस्त आणि सेलेनियम सुरू करा, बाकी चौकशा नंतर.

तांबडमाती :
कमतरता असेल तरच त्याचा उपयोग होतो.

गोठेवाला :
वय ३ वर्षे, होल्स्टीन या विदेशी जातीचा अंश जास्त. घेर मोजलेला नाही. गायी २१ दिवसांनीच उलटतात. उन्हाळ्यात तो पत्र्याखाली धापा टाकत असे, परंतु पावसाला महिना झाला, त्यामुळे उन्हाचा संबंध नसावा.

वशिंडप्रेमी :
हा वळू काढा आणि वशिंडाचा, म्हणजे देशी जातीचा आणा. त्याच्या वृषणाकडे जाणारी धमनी पातळ भिंतीची आणि शिरांना अधिक लगटून असल्यामुळे रक्त वाटेतच निवते. वयात मात्र तो उशिरा येतो.

तांबडमाती :
वळू बदलण्याआधी हिशेब पाहा. वृषण शरीरापेक्षा २ ते ६ अंशांनी थंड राहावे लागतात, आणि शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस व पुढे अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून) सरकायला आणखी ८ ते ११ दिवस लागतात. म्हणजे आज बाहेर पडणारे वीर्य कडक उन्हातच घडू लागलेले आहे. उडीचा जोम हा पुरावा धरू नये, कारण उष्णतेचा मार शुक्राणूंवर आधी बसतो आणि कामेच्छा बहुधा टिकून राहते. तुमचा ‘भरपूर’ खुराकही तपासा, अंडकोशाच्या मानेत चरबी साठली की उष्णता बाहेर पडत नाही.

रेतनवादी :
मुळात वळू पाळताच कशाला? कृत्रिम रेतन करा. नैसर्गिक भरवणीतून ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतू पसरतात, आणि वळू वरून निरोगीच दिसतो.

तांबडमाती :
शंका रास्त आहे, म्हणून तीही तपासणी करावीच. मात्र त्या रोगांत गर्भ रुजून नंतर मरत असल्याने उलटण्याचे अंतर बहुधा लांबते. पशुवैद्यकाकडून वीर्य तपासून घ्या : पुढे सरकणारे शुक्राणू किमान ३० टक्के, योग्य आकाराचे ७० टक्के आणि या वयात घेर निदान ३४ सेंटीमीटर हवा. वीर्य खराब निघाले, तर वळूला सावलीत ठेवून सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा तपासा.

गोठेवाला :
तोवर माजावर येणाऱ्या गायींचे काय करावे? आणि औषधाचे अजून कोणीच सांगितले नाही.

रेतनवादी :
मी वर तेच सांगितले होते.