बंबावर बाई म्हणजे नुसता फोटो? (14 एप्रिलच्या पोस्टला उत्तर)

धरमपेठची_रेवती
काल अग्निशमन दिनाला इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "बायकांना बंबावर चढवणं हा फोटोपुरता खेळ आहे. आगीला आरक्षण कळत नाही." खाली अंगठ्यांचा पाऊस. उत्तर लांबणार आहे, इलाज नाही.

माझं माहेर नागपुरातल्या राजनगरचं. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय घरापासून पायी दहा मिनिटं. शाळेतून येताना आम्ही मुली कुंपणाला सायकली टेकवून ड्रिल बघायचो. शिडीवर सरसर चढणारी पोरं, पाण्याचे फवारे. आत आपणही जाऊ शकू असं एकीच्याही डोक्यात आलं नाही. कॉलेज 1956 चं. पहिली मुलगी आत गेली 2002 मध्ये, आपल्याच नागपूरची हर्षिनी कान्हेकर. मधली 46 वर्षं "मुलींना जमत नाही" हे कोणी तपासून पाहिलं होतं? परीक्षाच घ्यायची नाही आणि नापास म्हणून मोकळं व्हायचं. तिकडे इंग्लंडात गर्टन कॉलेजच्या मुलींनी 1878 मध्येच स्वतःचं आगीचं पथक काढलं होतं.

पण कौतुकवाल्यांवरही माझा राग आहेच. दरवर्षी तीच बातमी, "देशातली पहिली महिला अग्निशामक". वीस वर्षं झाली, अजून पहिलीच? दुसरी, तिसरी, चाळिसावी कुठं आहे, तिला कपडे बदलायला खोली आहे का, हे कोणी विचारत नाही. पहिलीच्या गळ्यात हार घातला की काम संपलं.

इतवारीवाला
ताई, गर्टनचं नका सांगू, आपल्या इतवारीचं सांगा. माझ्या काकाचं दुकान जळलं तेव्हा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. आत यायले जागा नाही, दोन्हीकडून गाड्या लागलेल्या. जवानांनी होज पाईप खांद्यावर ओढत आणला. पाण्यानं भरलेला होज एकदा उचलून पाहा. तिथं ताकद लागते, भाषण नाही.

निवृत्त_बंबवाला
इतवारीवाले, भरलेला होज एकटा गडीही पेलत नाही. ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी एक, त्याच्या पाठीशी दुसरा. एकट्यानं मर्दुमकी दाखवायला गेलात तर होज तुम्हालाच झोडपतो. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.

आता रेवतीताई, तुम्हालाही एक सांगतो. 14 एप्रिल कशाचा दिवस? 1944 साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच ठिकाणी. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यातल्या एकाचं नाव इथं कोणी सांगावं. नाही ना येत? मग बायकांनाच मान मिळत नाही असं कशाला? आम्हाला तरी कोण विचारतं? आपल्याकडे तर त्या दिवशी आंबेडकर जयंती, सगळं शहर दीक्षाभूमीवर आणि संविधान चौकात. आमच्या दिवशी आम्ही बंब घेऊन बंदोबस्तालाच उभे. तक्रार नाही, बाबासाहेबांचा दिवस आहे. सांगितलं फक्त.

चेन्नईकर_जावई
"देशातली पहिली" यावर जरा थांबा. कान्हेकरांचा प्रवेश 2002 चा, पण ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीतली नोकरी 2006 ची. तमिळनाडूच्या दलात प्रिया रविचंद्रन आणि मीनाक्षी विजयकुमार 2003 मध्येच थेट अधिकारी म्हणून लागल्या. 2012 च्या जानेवारीत चेन्नईत चेपॉकच्या एझिलगम या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीला आग लागली तेव्हा प्रिया आत होत्या, चांगल्याच भाजल्या. त्यांना तमिळनाडू सरकारचं शौर्याचं अण्णा पदक मिळालं. भाजून घ्यायला कोणी फोटोसाठी जात नाही.

वऱ्हाडी_ठेचा
घ्या! संत्री गेली पंजाबच्या किन्नूच्या भावात, आता पहिली बाई पण चेन्नईले गेली. आमच्याकडं हिवाळी अधिवेशन तेवढं राहू द्या बाप्पा.

धरमपेठची_रेवती
बरं. शिकायला पहिली आपली, वर्दी आधी त्यांची. मान्य. जीवावर येतं, पण मान्य.

वऱ्हाडी_ठेचा
ते जाऊ द्या. बंब इतवारीत काहून जात नाही, ह्याच्यावर बोला न. एक तर सिमेंट रोड घरापेक्षा उंच करून ठेवले. वरून प्रत्येक दुकानाचा ओटा रस्त्यावर, ओट्यापुढं माल, मालापुढं गाडी. बाई राहो की बुवा, उडत जाईल का?

इतवारीवाला
ओटा माझ्या आजोबाच्या काळचा आहे. घरबसल्या बोलणं सोपं आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ओटा आजोबाचा असंल, त्याच्यावरचं पत्र्याचं शेड कोणाचं? काकाचं दुकान कोणामुळं जळलं ते काकालेच विचारा.

इतवारीवाला
काकाचं नाव काढायचं काम नाही. सगळं आयुष्य गेलं त्याचं त्या दुकानात. दोन महिने बोलला नाही तो माणूस. तू कोण रे मोठा?

निवृत्त_बंबवाला
भांडू नका, पण ठेचाभाऊ चूक नाहीत. माझ्या नोकरीत आगीपेक्षा उभ्या गाड्यांनी जास्त वेळ खाल्ला. एकदा स्कूटर उचलून बाजूला ठेवली तर मालक खाली येऊन आरसा तुटला म्हणून भरपाई मागत होता. मागच्या बाजूला त्याच्याच मजल्यावर धूर!

दोनदा_भरती
मूळ मुद्दा कोणाला आठवतो का? मी एका शहरात भरतीची चाचणी दिली आहे. 50 किलोची डमी खांद्यावर घेऊन पळायचं. पहिल्या वेळी गुडघ्यावर आले. घरी आई म्हणाली, झालं समाधान? वर्षभर गव्हाचं पोतं घेऊन गच्चीवर फेऱ्या मारल्या, दुसऱ्या वेळी निघाले. माझ्यासोबत पळालेल्या मुलांपैकी तिघांनी डमी टाकली. त्यांना कोणी "पुरुषांना जमत नाही" म्हटलं नाही. ठाण्यात मात्र बाथरूम एकच, कडीसुद्धा मी स्वतःच्या पैशानं लावली. डमी परवडली.

इतवारीवाला
बाप्पा. बरं, काही बायकांले जमतं, हे मानलं. सगळ्यांले नाही.

दोनदा_भरती
सगळ्या पुरुषांना तरी कुठं जमतं, भाऊ? तुम्ही उचलता का 50 किलो?

इतवारीवाला
माझी कंबर धरली आहे. ते सोडा. माझी भाची बारावीले आहे, तीन दिवसांपासून हेच घेऊन बसली आहे, म्हणून तर मी इथं वाचून राहिलो. गव्हाचं पोतं एकदम 50 चं घ्यावं का कमी?

दोनदा_भरती
20 पासून सुरू करा, पोत्याचं तोंड घट्ट शिवून. आणि भाऊ, भाची बंबावर येईल तोवर दुकानापुढची गाडी हलवा.

इतवारीवाला
गाडी माझी नाही. शेजाऱ्याची आहे.