सल्ला हवाय: आईला व्हीलचेअरवरून अंदमानला न्यायचंय (कोल्हापूरहून, बजेट १ लाख ६० हजार)

राजारामपुरीची_मधली
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू अधू झाली. धरलं तर उभी राहते, दोन पावलं टाकते, पायरी मात्र एकही नाही. हायस्कूलात भूगोल शिकवायची, जन्मभर फळ्यावर बेटं काढली आणि एकाही बेटावर गेलेली नाही, हे ती आता रोज ऐकवते. म्हणून जानेवारीत सहा दिवस अंदमान असं ठरवलंय. मी, नवरा, आई आणि नववीतली मुलगी. सगळं धरून १ लाख ६०, त्याच्या वर खरंच जमणार नाही. विमानात कसं चढवतात, फेरीबोटीत खुर्ची जाते का, हॉटेल कसं बघायचं? टूरवाला नुसतं "होऊन जाईल मॅडम" म्हणतोय आणि त्यामुळंच जास्त भीती वाटतेय.

रंकाळा_किनारी
मालदीवला जावा की ताई. आमी गेल्या वर्षी गेलतो, पाण्यावरची खोली, खाली मासे दिसत्यात, नाद खुळा. अंदमानात काय हाय.

राजारामपुरीची_मधली
दादा, बजेट वाचलं का?

रंकाळा_किनारी
एकदाच जायचं असतंय ओ. थोडं वाढवा.

घाटगे_काकू
आम्ही सासऱ्यांना अंदमानला नेलं होतं, म्हणून सांगते. पोर्ट ब्लेअरला काही त्रास झाला नाही, हाल झाले ते जेटीवर. भरती-ओहोटीप्रमाणे बोट वरखाली होते, जाताना फळी जवळजवळ सपाट होती आणि येताना हीऽ घसरगुंडी. चार पोरं धावत आली, चांगली होती बिचारी, पण त्यांनी खुर्ची हाताच्या दांड्यांना धरून उचलली आणि एक दांडी निघून हातात आली. सासरे पडले नाहीत एवढंच नशीब. नंतर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. माझं ऐका, बोटीच्या नादाला लागू नका, पोर्ट ब्लेअरमध्येच राहा.

इतिहासप्रेमी_करवीर
पोर्ट ब्लेअर नाही, श्री विजयपुरम. सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललंय. तसंच हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही २०१८ पासून.

घाटगे_काकू
आम्ही गेलो तेव्हा ब्लेअरच होतं. रिक्षावालाही ब्लेअरच म्हणत होता.

इतिहासप्रेमी_करवीर
रिक्षावाला काय म्हणतो यावर नाव ठरत नसतं. आपल्याकडं विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव आहे, तरी लोक उजळाईवाडीच म्हणतात, म्हणून काय

उद्यमनगरचा_बाळू
मी आमच्या वडिलांसाठी उद्यमनगरात घडीचा रॅम्प करून घेतला होता, चेकर्ड प्लेटचा, बिजागरी लावून, एक नंबर काम. मित्राचंच शॉप आहे, फक्त मटेरियलचे पैसे घेतले. वजन भरलं २२ किलो. विमानतळावर काउंटरवाली रॅम्पकडं बघते, माझ्याकडं बघते, परत रॅम्पकडं. शेवटी भावाला गाडी घेऊन परत बोलावला. आणि एवढं करून सहा फुटाचाच होता, दीड फुटाच्या ओट्याला लावला की वडील म्हणायचे बाळू हे घसरगुंडीचं काय काढलंस.

चाकावरचा_पाटील
मी स्वतः १४ वर्षं व्हीलचेअरवर आहे, जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

बाळूदादा, रॅम्पचा हिशेब एकास बारा असतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाला सहा फूट म्हणजे उताराला लावलेली शिडीच.

ताई, तिकीट काढताना नुसतं 'व्हीलचेअर हवी' असं लिहू नका, विमान कंपन्यांचे त्यासाठी तीन कोड असतात, त्यातला नेमका सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या जमतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत पण आत सीटपर्यंत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं, त्यासाठी विमानाच्या बोळातून जाणारी अरुंद खुर्ची आणतात. आईंसाठी शेवटचा घ्या, दोन पावलं टाकता येतात म्हणून भिडेखातर मधला घेऊ नका. किमान ४८ तास आधी कळवायचं, या सोयीचे वेगळे पैसे पडत नाहीत. कोल्हापुरातून लहान विमान असलं तर वर कसं चढवणार, ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत वर उचलणारी गाडी) आहे का रॅम्प, हे त्या कंपनीला आधी फोन करून विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आणि उतरल्यावर दारातच परत मागायची. देण्याआधी फूटरेस्ट आणि गादी काढून स्वतःजवळ ठेवा, नाहीतर एक हमखास हरवतं. बॅटरीची खुर्ची असली तर लिथियम बॅटरीचे नियम वेगळे, ते आधीच बोलून घ्या.

हॉटेलवाला 'व्हीलचेअर फ्रेंडली' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. खुर्चीची रुंदी मोजा, मग बाथरूमच्या दारावर टेप धरून काढलेला फोटो मागा. खोलीचं दार सगळीकडे मोठंच असतं, अडतंय ते बाथरूमला. आणि उंबरा आहे का तेही विचारा, हॉटेलवाल्यांना दोन इंचाचा उंबरा दिसतच नाही.

राजारामपुरीची_मधली
पाटील दादा, हे टूरवाल्यानं सांगायला हवं होतं. दाराचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच मोजली, खुर्ची ६३ सेंमी.

गोवा_दर_महिना
एवढी उठाठेव कशाला, गोव्याला जावा. स्वतःच्या गाडीनं, आंबोलीत भजी खाऊन, दुपारी गोव्यात. बेटच पाहिजे तर दिवाडी आहे ना ओल्ड गोव्याजवळ, गाडी थेट फेरीबोटीत चढते, आईंना खाली उतरायचीसुद्धा गरज नाही. निम्म्या पैशात काम. अंदमानात जेवणाचे हाल आहेत वर.

रंकाळा_किनारी
आंबोलीची भजी पयल्यासारखी राह्यली न्हाईत आता.

गोवा_दर_महिना
तुम्ही कुठल्या टपरीवर खाल्ली?

(पुढच्या सात पोस्ट भज्यांच्या होत्या, वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. संपादक)

सुधा_शाहूपुरी
काकू म्हणाल्या तेच मी म्हणते, बोट नको. दाराचा फोटो मागवा हेही बरोबर आहे. आमच्या पेशंटला नेलं होतं तेव्हा

चाकावरचा_पाटील
सुधाताई, पेशंट दवाखान्यात असतात. फिरायला जातात ते प्रवासी.

सुधा_शाहूपुरी
बरं बाबा, आमच्या प्रवाशाला नेलं होतं. तर सेल्युलर जेलमध्ये खालचं आवार, ती सातपैकी उरलेल्या तीन इमारतींची रचना, सगळं खुर्चीवरून बघता येतं. पण सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि वर जायला जिनाच आहे. आमच्या प्रवाशाचे डोळे भरून आले आणि आम्ही खाली उभे. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम मात्र चुकवू नका, बसूनच बघायचा असतो. आणि तिथं सूर्य लवकर मावळतो, हिवाळ्यात पाच-सव्वापाचला अंधारायला लागतं, आपल्यासारखं चार वाजता चहा घेऊन निघालात तर काही दिसणार नाही.

इतिहासप्रेमी_करवीर
सावरकरांच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात

(राजकारण नको. संपादक)

पन्हाळगड_पावसाळी
रॉस बेटावर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत, तिथं चढणीचा त्रास वाचतो, प्रश्न फक्त बोटीतून उतरण्याचा. कॉर्बिन्स कोव्हला रस्ता समुद्राच्या कडेनंच जातो, काहीच नाही जमलं तरी गाडीतून समुद्र दिसतो. हॅवलॉकच्या राधानगर बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालाय. आमचे वडील नाव ऐकून म्हणाले, राधानगरी तर इथं ५० किलोमीटरवर आहे, धरण बघायला एवढ्या लांब कशाला?

वाळूत खुर्ची पुढं ढकलू नका, पुढची बारकी चाकं रुततात. उलटी फिरवायची, मागं तिरकी करायची आणि दोघांनी ओढायची. परत आल्यावर चाकं गोड्या पाण्यानं धुऊन पुसायची आणि तेल द्यायचं. आम्ही नाही दिलं, महिन्याभरात बेअरिंग कुरकुरायला लागली.

घाटगे_काकू
गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. आणि झटका येऊन गेलेला आहे तर विमानासाठी डॉक्टरांना विचारून लेखी घ्या. मोठं सरकारी हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच आहे, जी. बी. पंत. हॅवलॉकला तसलं काही नाही. परत सांगते, बोट नको.

कळंबा_रोड
+१ बोट नको

उद्यमनगरचा_बाळू
बोट नकोच.

राजारामपुरीची_मधली
सगळ्यांचे आभार. काल आईला हा धागा पूर्ण वाचून दाखवला. भज्यांवर हसली. पेशंट-प्रवासीला "कोण आहे हा पाटील, हुशार आहे" म्हणाली. मी म्हटलं सगळ्यांचं एकच मत आहे, हॅवलॉक राहू दे, ब्लेअरमध्येच पाच दिवस निवांत राहू. तर म्हणे, "ब्लेअरला रस्ते आणि हॉटेलंच बघायची असतील तर ताराराणी चौकात काय वाईट आहे? बेटावर बोटीनं जायचं असतं. मी ५२ किलोची आहे. जावयाला गव्हाचं पोतं उचलता येतं ना?"

नवरा काही बोलला नाही.

तर ठरलं ते असं. हॅवलॉकला दोन रात्री. फेरी सकाळची घेतोय, तिकिटाआधी फोन करून विचारलं, खुर्ची घडी करून नेऊ देतात. भरती-ओहोटीच्या वेळा काढून बघितल्या, परतीचा एक दिवस बदलला. खुर्चीच्या हाताच्या दांड्यांना मुलीनं लाल चिकटपट्टी लावून 'इथं धरू नका' असं हिंदीत लिहिलंय, आणि कुठं धरायचं तिथं हिरवी. चार हॉटेलांना टेपचा फोटो मागितला, एकानं पाठवला, ७१ सेंमी, तेच घेतलं. जेलमध्ये वर जायचं नाही असं आईच म्हणाली. कोल्हापूर विमानतळाचा फोन अजून लागत नाहीये. बजेट १२ हजारांनी वर गेलंय, ते कुणाला सांगू नका.

रंकाळा_किनारी
१२ न वाढवलंच हाय तर मालदीव

उद्यमनगरचा_बाळू
ताई रॅम्प पाहिजे असला तर घेऊन जावा, गच्चीवर पडूनच आहे.

चाकावरचा_पाटील
नको.