प्रति: उंदीर मारल्याशिवाय रक्तवाहिन्या दिसणार कशा?
दादा, उंदीर मारून काप काढल्याशिवाय रक्तवाहिन्यांतला बदल कळत नाही, असं तुम्ही वर लिहिलंय. तसं आता राहिलं नाही. कवटीला काचेची बारीक खिडकी बसवून टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली (लेसरच्या उजेडात जिवंत मेंदूत खोलवर दाखवणारा) तोच उंदीर आठवडेच्या आठवडे बघता येतो. जेमतेम ५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या ५ हजारांश रुंदीची, केशवाहिनी (सगळ्यांत बारीक रक्तवाहिनी) सुद्धा दिसते. जिवंत उंदराच्या मायक्रो-सीटीत (छोट्या प्राण्यांचा क्ष-किरण स्कॅन) तेवढं बारीक येत नाही.

खरी गोम भुलीत आहे. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाने वाहिन्या रुंदावतात, अंग गार पडलं की कातडीतल्या आकसतात. मग दिसतोय तो परिणाम आपण तपासतोय त्या औषधाचा की भुलीचा? बेळगावात शिकताना डिसेंबरच्या गारठ्यात आमचे सर उंदराखालची गरम गादी ३७ अंशांवर आल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. आम्ही मात्र कुडकुडत उभे!