वर्ग हसला आणि ती मुलगी गप्प झाली: दोन भाषांतली बालगीतं वर्गात कशी घ्यावीत?

प्रश्न: चौथीची वर्गशिक्षिका, उत्तर नागपूर

माझ्या वर्गात ३४ मुलं. निम्म्यांच्या घरी मराठी, म्हणजे आपली नागपुरी. बाकीच्यांत हिंदी, कळमन्याकडच्या वस्तीतली छत्तीसगढी, एक तेलुगू मुलगा आणि यंदा नव्यानं आलेली एक गोंड मुलगी. २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन आणि २७ चा मराठी भाषा गौरव दिन यांच्या मधल्या आठवड्यात मी 'घरचं गाणं' घेतलं. वहीच्या डाव्या पानावर गाणं घरच्या बोलीत, उजव्या पानावर मराठीत.

सुरुवात फार छान झाली. छत्तीसगढी मुलानं 'अटकन बटकन दही चटाकन' म्हटलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे तं आमचं अटक मटक चवळी चटक!" दोघं फरशीवर बसले, पंजे पालथे टाकले आणि खेळ सुरू. तिकडे दही, इकडे चवळी. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

मग गोंड मुलगी उठली. आजीचं बोटं मोजायचं गाणं. 'उंदी' म्हणाली, आणि पुढचा शब्द 'रंड'. म्हणजे दोन. मराठी कानाला तो शिवीसारखा लागतो. वर्ग फिसकन हसला. मी मुलांवर ओरडले आणि तिला म्हटलं, "बस बेटा, छान." छान काहीच झालं नव्हतं. तिनं पान दुमडून दप्तरात टाकलं. चार दिवस झाले, ती वही बाहेर काढत नाही. मी आधी तिच्याजवळ बसून शब्द विचारून घ्यायला हवे होते, ही चूक माझीच. तिला पुन्हा एकटीला उभं करायला मन धजत नाही. आता कुठून सुरू करू?

उत्तर १: मूळचा गडचिरोलीचा, नोकरीनिमित्त नागपुरात

बाई, माझी मायबोली गोंडी. माझ्यावरही वर्ग हसला होता, याच शब्दावर. उंदी, रंड, मूंद, नालुंग. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. तुमच्याकडे तेलुगू मुलगा आहे ना? त्याला मोजायला लावा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. दोन्ही रांगा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि थांबा. दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा आहेत, मुलं आपोआप जुळवतील.

आणखी एक. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. आणि ती मुलगी ज्या शहरात शिकते ते गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास वसवलं. हे वर्गाला नक्की सांगा, पण तिच्याकडे बोट दाखवून नको.

उत्तर २: निवृत्त शिक्षिका, वर्धा

माझा अनुभव असा की अर्थ आधी सांगू नये. दोन-तीन दिवस अख्ख्या वर्गानं मूळ बोलीतच म्हणायचं, टाळ्यांवर. शब्द तोंडात बसला की हसू येत नाही, आणि गाणं एकट्या लेकराचं राहत नाही. मराठी पान शेवटी, गटागटानं.

त्या पानावर यमकाचा हट्ट मात्र धरू नका. माझ्या वर्गात एकदा मोहफुलं वेचणारी आजी यमकापायी आंबे वेचायला लागली. मोह गेला, पहाटेचं रान गेलं, टोपली गेली. साधी गद्य ओळ चालते.

उत्तर ३: पालक, पाचपावली

माझा मुलगा 'मले', 'तुले' लिहितो आणि वहीभर लाल रेघा घेऊन येतो. आता घरीही जपून बोलतो. आजी विचारते, याले झालं काय? तुमच्या डाव्या पानावर आमची नागपुरी चालेल का?

प्रश्नकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. पाचपावलीच्या ताई, चालेल. डाव्या पानाला लाल पेन लावायचा नाही, हे मी वर्गात जाहीर केलं. मीही आजवर 'मले' खोडत आले आहे.

शनिवारी दोन्ही रांगा फळ्यावर लिहिल्या. तेलुगू मुलगा 'रेंडु'वर थांबला, शेजारची रांग वाचली आणि म्हणाला, "बाई, हिचं अन् माझं एकच आहे!" कुणी हसलं नाही. ती जागेवरच बसून होती. मधल्या सुट्टीत मात्र फळ्यापाशी आली. मी घाईत 'मुंद' लिहिलं होतं. तिनं ऱ्हस्व उकार पुसला, दीर्घ काढला आणि डबा खायला गेली.

सोमवारपासून सगळा वर्ग ते गाणं टाळ्यांवर म्हणतो आहे, मराठी पान अजून कोरं आहे. गडचिरोलीच्या दादांना एक विचारायचं होतं: ती पाचाला 'सैयुंग' म्हणते. तुमच्या गावाकडे काय म्हणतात?